बिनआकड्याचा पाना

आय.टी.आय.चे निकाल लागले की घाटावरची आणि घाटाखालची आपली मुले कागदपत्रांची फाईल आणि दोन जोडी कपडे घेऊन एस.टी.त बसतात. चिखली-मेहकरकडचा मुलगा वाळूजला जातो, खामगाव-मलकापूरकडचा कधी वाळूजला तर कधी थेट चाकणला. अलीकडे मुलीही जातात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कापूस-सोयाबीनच्या बाजारपेठा आहेत, खामगाव-मलकापूरला एम.आय.डी.सी. आहे, पण गाड्या जोडण्याचा मोठा कारखाना इकडे नाही. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना 1985 साली सुरू झाला, चाकणचा 1999 साली. त्यांच्या आसपास सुटे भाग जोडून देणारे कितीतरी लहान-मोठे कारखाने उभे राहिले. आपल्या मुलांची पहिली नोकरी बहुतेक वेळा अशाच ठिकाणी लागते आणि बहुतेकांचे पहिले काम म्हणजे असेंब्ली लाईनवर नट-बोल्ट आवळणे.

गावी विचारले, ‘काय काम करतो रे?’ तर मुलगा सांगतो, ‘काही नाही, बोल्ट टाईट करतो.’ ऐकणाऱ्यालाही वाटते, हे काय काम झाले! या लेखात त्या कामाकडे आणि त्यासाठी हातात दिल्या जाणाऱ्या हत्याराकडे जरा नीट पाहू. त्या हत्याराला टॉर्क रेंच म्हणतात. लाईनवर जो मिळतो तो बहुधा ‘प्रीसेट’ जातीचा, म्हणजे किती आवळायचे ते आधीच ठरवून, बंद करून दिलेला. त्याच्या दांड्यावर आकडे नसतात, फिरवायची मूठ नसते. नवा मुलगा तो उलटसुलट करून पाहतो आणि त्याला वाटते की हे काहीतरी अर्धवट हत्यार आपल्याला दिले आहे, आय.टी.आय.त पाहिलेल्या टॉर्क रेंचवर तर आकडे होते.

आकडे नाहीत, कारण ते जाणूनबुजून काढून घेतलेले आहेत. त्यामागचे कारण समजून घेतले की बाकी सारे समजते.

बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग

बोल्ट आवळतो तेव्हा आपण त्याला फिरवतो असे दिसते. खरे काम वेगळेच चाललेले असते. डोके एका बाजूला टेकले, नट दुसऱ्या बाजूला टेकला की पुढे दिलेला प्रत्येक पीळ बोल्टला लांबवतो. केसाएवढाही नाही, पण लांबवतो. लांबलेला बोल्ट स्प्रिंगसारखा मागे यायला पाहतो आणि त्याच ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. ही ओढ कमी पडली तर गाडीच्या हादऱ्यांनी भाग एकमेकांवर घसरू लागतात आणि नट हळूहळू सुटतो. ओढ जास्त झाली तर बोल्ट कायमचा लांबतो, आटे मरतात, किंवा ॲल्युमिनियमचा भाग असेल तर त्यातले आटेच निघून येतात.

एक हिशेब देतो. डोक्यावर 8.8 लिहिलेला 10 मिलिमीटर जाडीचा बोल्ट घ्या. बाजारात सगळीकडे मिळतो. कोरड्या आट्यांवर त्याला साधारण 50 न्यूटन मीटर पीळ द्यावा लागतो. न्यूटन मीटर म्हणजे काय? पाव मीटर, म्हणजे 25 सेंटिमीटर लांबीचा पाना घेऊन त्याच्या टोकाला 20 किलोची ओढ दिली की जवळजवळ 50 न्यूटन मीटर होतात. एवढ्याशा ओढीने त्या बोल्टमध्ये किती ताण तयार होतो? सुमारे अडीच टन! करंगळीएवढा बोल्ट अडीच टनांनी दोन भाग धरून ठेवतो. ‘बोल्ट टाईट करतो’ म्हणणाऱ्या मुलाच्या हातून दिवसभर हे घडत असते.

आता गंमत पुढे आहे. आपण दिलेल्या शंभर पैशांतले साधारण पन्नास पैसे बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातात, चाळीस पैसे आट्यांच्या घर्षणात जातात आणि बोल्ट ताणायला जेमतेम दहा पैसे उरतात. म्हणून घर्षण थोडे बदलले तरी ताण फार बदलतो. त्याच बोल्टला कोणी ‘सोपे जावे’ म्हणून तेलाचा थेंब लावला, तर रेंच त्याच ठिकाणी, त्याच 50 वर आवाज करील, पण ताण अडीच टनांवरून जवळजवळ साडेतीन टनांवर जाईल. तिथे तो बोल्ट कायमचा लांबण्याच्या उंबरठ्यावर येतो. रेंच खोटे बोललेला नाही. त्याला पीळ कळतो, ताण कळत नाही. म्हणून ज्या जागी कोरडे लावायचे सांगितले आहे तिथे कोरडेच, जिथे ग्रीस किंवा लॉकिंगचे औषध लावायचे सांगितले आहे तिथे तेच आणि तेवढेच. वायसर बदलला, बोल्टचा मुलामा बदलला, नवी लॉट आली आणि हाताला फरक जाणवला, तर ते सुपरवायझरला सांगण्यासारखे आहे. हा फरक ऑफिसात बसलेल्याला कळत नाही, ज्याच्या हातात पाना आहे त्यालाच कळतो.

भगवान बुद्धांनी सोण कोळिविस या भिक्षूला वीणेच्या तारांचा दाखला दिला होता, तो विहारात धम्मप्रवचनात अनेकांनी ऐकला असेल. तार फार ताणली तर वीणा नीट वाजत नाही, सैल सोडली तरी वाजत नाही. सोण हा पूर्वी वीणा वाजवीत असे म्हणून त्याला त्याच्याच हातातले उदाहरण दिले. पण मध्यम म्हणजे ‘अंदाजे मधले काहीतरी’ असा अर्थ काही लोक काढतात, तो मला पटत नाही. वीणा वाजवणाऱ्याला तार नेमकी कुठे हवी ते ठाऊक असते. बोल्टचेही तसेच आहे. 50 म्हणजे 50. आणि कारखान्याने सूट दिली असेल तेवढीच इकडे-तिकडे.

अंदाज गेला, जबाबदारी वाटली गेली

जुन्या मिस्त्रींचा हात म्हणजेच टॉर्क रेंच होता. त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण सकाळी सातचा हात आणि दुपारी तीनचा हात सारखा नसतो. आणि लाईनवर रोज वेगळा माणूस उभा राहतो. टॉर्क रेंचचे श्रेय न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यातले कॉनराड बार यांना दिले जाते, साल 1918. तिथली अडचण ही होती की पाईपांच्या फ्लँजचे बोल्ट माणसे गरजेपेक्षा जास्त आवळीत. म्हणजे सैलपणापेक्षा जोराची भीती आधी होती.

आकडे असलेला, फिरवून बदलता येणारा रेंच गॅरेजमध्ये उपयोगी. तिथे एकाच दिवसात डोक्याचे बोल्ट, चाकाचे नट, इंजिनाच्या झाकणाचे स्क्रू असे सगळे करावे लागते. लाईनवर उलट आहे. एका जागी एकच बोल्ट, एकच मूल्य, दिवसात हजार-दीड हजार वेळा. तिथे फिरवता येणारी मूठ म्हणजे धोका. ती धक्क्याने सरकते, कोणी मुद्दाम सरकवतो, पाळी बदलताना पुढचा माणूस न पाहता वापरतो. म्हणून टूल रूममध्ये टेस्टरवर ठेवून रेंच एका मूल्यावर बसवतात, झाकण लावून बंद करतात, सील किंवा रंगाची खूण करतात आणि वर चिठ्ठी चिकटवतात: कोणत्या जागेचा, किती न्यूटन मीटर, कोणत्या तारखेला तपासला, पुढची तपासणी कधी.

हे बारकाईने पाहिले तर त्यात कामगाराचे संरक्षण आहे. रेंचचे मूल्य बरोबर ठेवणे ही टूल रूमची जबाबदारी झाली आणि तो नीट वापरणे ही ऑपरेटरची. उद्या एखाद्या गाडीत बोल्ट सुटलेला निघाला, तर ‘तू कमी आवळला असशील’ एवढ्यावर भागत नाही. रेंच कोणी बसवला, तारीख संपली होती का, मुलाने तक्रार केली होती का, हे सगळे विचारावे लागते. आपली मुले बहुधा कंत्राटी किंवा ट्रेनी असतात. दोष कोणावर तरी टाकायचा असला की सर्वांत आधी त्यांच्याकडे बोट जाते, हे सांगायला नको. म्हणून पाळी सुरू करताना चिठ्ठीवरची तारीख वाचायची, सील शाबूत आहे का पाहायचे आणि तारीख टळलेली असेल तर रेंच हातात न घेता लेखी कळवायचे. वहीत एक ओळ पुरे.

तपासणीबद्दल आणखी एक हिशेब आहे. या हत्यारांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आय.एस.ओ. 6789, सध्याची आवृत्ती 2017 ची. त्यानुसार 10 न्यूटन मीटरपेक्षा मोठ्या क्लिक रेंचला 4 टक्के इकडे-तिकडे चालते आणि त्याहून लहान असेल तर 6 टक्के. म्हणजे 50 चा रेंच 48 ते 52 मध्ये बोलला पाहिजे. उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल तर 12 महिन्यांनी किंवा 5000 वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, पुन्हा तपासावा असा सर्वसाधारण नियम आहे. पुष्कळ लोक यातले ‘12 महिने’ तेवढे लक्षात ठेवतात. आता समजा पाळीत 400 गाड्या होतात आणि तुमच्या जागी प्रत्येकी 4 बोल्ट आहेत. झाले 1600 क्लिक. पाच हजारांचा आकडा चौथ्या दिवशीच ओलांडला! म्हणून चांगल्या कारखान्यांत लाईनजवळच टेस्टर असतो आणि रोज पाळीच्या सुरुवातीला रेंच त्यावर ओढून पाहतात. जिथे वर्षाची चिठ्ठी लावून स्वस्थ बसतात तिथे काय चालले असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

निवड कोण करतो?

रेंच कोणता आणायचा हे इंजिनियर ठरवतो, ऑपरेटर नाही. तरीही ऑपरेटरला निवडीतले कळले पाहिजे, कारण चुकीच्या निवडीची किंमत त्याचा खांदा देतो.

लांबी घ्या. 25 सेंटिमीटरच्या रेंचला 50 न्यूटन मीटरसाठी 20 किलो ओढ लागते. 40 सेंटिमीटरचा घेतला तर पावणेतेरा किलो. एका बोल्टला हा फरक किरकोळ वाटतो. 1600 बोल्टांचा हिशेब केला तर एका पाळीतली ओढ 32 टनांवरून साधारण साडेवीस टनांवर येते. मुलगा रात्री खोलीवर येऊन खांद्याला बाम चोळतो त्याचे कारण कधीकधी एवढेच असते की जागा असूनही आखूड रेंच दिलेला आहे. लाईनवर मुली असतील तर ही गोष्ट जास्तच महत्त्वाची. जागा अडचणीची असेल तर आखूडच लागतो, ते खरे. पण ‘लांब रेंच मिळेल का?’ हे विचारण्याचा हक्क आहे आणि विचारताना वरचा हिशेब कागदावर मांडून दाखवला तर सुपरवायझरही ऐकतो. रेंचवर पाईप चढवून तो लांब करायचा मात्र नाही. काही रेंचांत हात मुठीच्या मधोमध नसला तरी आकडा बदलतो, मग पाईपचे काय सांगावे!

जाती तीन-चार आहेत. सर्वांत जास्त चालतो तो ‘कट्’ असा आवाज आणि हाताला झटका देणारा क्लिक रेंच. हा स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण क्लिक झाल्यावरही ओढत राहिले तर तो अडवत नाही, बोल्ट जास्त आवळला जातो. लहान स्क्रू आणि नाजूक भागांसाठी निसटणारा रेंच बरा. ठरलेल्या पिळाला त्याचे डोके निसटते आणि पुढे कितीही ओढले तरी जोर पोहोचत नाही. तिसरा मध्येच वाकणारा. त्याचा दांडा ठरलेल्या पिळाला बिजागरीसारखा वळतो. जिथे कंप्रेसर आणि एअर गनच्या आवाजात ‘कट्’ ऐकू येत नाही तिथे हा उपयोगी. आणि चौथा वायर किंवा रेडिओ लावलेला. प्रत्येक क्लिक मोजणाऱ्या पेटीत जातो, चार पूर्ण झाल्याशिवाय लाईन गाडी पुढे सोडत नाही. या शेवटच्याला पुष्कळ मुले कंटाळतात, पहारा वाटतो. मला तसे वाटत नाही. ज्याच्या क्लिकची नोंद पेटीत आहे, त्याच्यावर खोटा आळ घालणे अवघड जाते.

डोक्याला पुढे वेगळा जोड लावला तर काय होते, हे टूल रूममधल्या माणसांच्याही कधी ध्यानात येत नाही. 25 सेंटिमीटरच्या रेंचला समोर सरळ रेषेत 5 सेंटिमीटरचा खेकड्याच्या नांगीसारखा जोड लावला, तर 50 चा क्लिक बोल्टवर 60 होतो. लांबी वाढली त्या प्रमाणात पीळ वाढला. उभा एक्स्टेन्शन, म्हणजे सॉकेटच्या वर बसणारी कांडी, हिने मात्र फरक पडत नाही. हा भेद मुलाखतीत विचारतात, म्हणून सांगितला.

ओढायचे कसे

आधी बोल्ट हाताने दोन-तीन आटे धरवावा. तिरका बसलेला बोल्टही 50 ला क्लिक देतो आणि आत आटे फाटलेले असतात. मग रेंच आट्यांच्या काटकोनात, मूठ मधोमध धरून, स्वतःकडे सावकाश ओढावा. झटका देऊ नये. क्लिक आला की थांबावे, एकदाच. नवी मुले खात्रीसाठी ‘कट् कट्’ दोनदा करतात. त्यात खात्री होत नाही, बोल्ट थोडा आणखी फिरतो. आवळलेल्या बोल्टवर पुन्हा क्लिक आला म्हणून तो बरोबर आवळला होता असेही ठरत नाही. बसलेल्या बोल्टला हलवायला जास्त जोर लागतो, त्यामुळे कितीतरी वेळा बोल्ट न फिरताच क्लिक येतो. चार बोल्ट असतील तर समोरासमोरच्या क्रमाने. या रेंचने बोल्ट सोडवू नये, त्याने ठोकू नये, आणि खाली पडला तर गुपचूप उचलून ठेवू नये. टूल रूमला द्यावा. पडलेला रेंच बाहेरून चांगलाच दिसतो.

आवळून झाले की बोल्टच्या डोक्यावर पिवळी किंवा पांढरी रंगाची रेघ मारतात. ‘हा मी आवळला’ असे ते लेखी विधान आहे. जेवणाच्या सुट्टीआधी घाईत काही मुले आधी रेघा मारून घेतात आणि मग रेंच फिरवतात. त्यात एखादा राहून गेला तर पुढच्या सर्वांना तो आवळलेलाच दिसतो. आपल्याला पंचशीलातले चौथे शील ठाऊक आहे. तोंडाने बोललेलेच खोटे, असे त्यात कुठे सांगितलेले नाही.

नोंद राहिली की काय होते याचे मोठे उदाहरण 5 जानेवारी 2024 रोजी अमेरिकेत घडले. अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग 737 मॅक्स 9 विमानाचा दाराच्या जागी बसवलेला तुकडा आकाशात उडून गेला. तपासात निघाले की तो तुकडा धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यात काढल्यानंतर परत बसवलेच नव्हते आणि तो तुकडा उघडल्याची नोंदही सापडली नाही. सुदैवाने कोणी दगावले नाही. इंग्लंडमध्ये पॉटर्स बार येथे 10 मे 2002 रोजी मात्र रेल्वेगाडी घसरून 7 माणसे गेली. तिथे सांध्याच्या पट्ट्यांचे नट सैल झालेले होते.

रेल्वेचे नाव निघाले म्हणून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगावच्या वाचकांना एक आठवण द्यावीशी वाटते. या लोहमार्गावर आपल्या कितीतरी आज्या-पणज्यांच्या घरातल्या पुरुषांनी गँगमन म्हणून आयुष्य काढले. खांद्यावर लांब पाना घेऊन मैलोन्‌मैल चालायचे, रुळांचे सांधे पाहायचे, फिशप्लेटचे बोल्ट आवळायचे. उन्हात रूळ लांबतो, थंडीत आखडतो. सांधा फार आवळला तर रुळाला सरकायला जागा राहत नाही, सैल सोडला तर गाडीखाली खडखडतो. हे ज्ञान त्यांच्या हातात होते. पण त्यांना कोणी तंत्रज्ञ म्हटले नाही.

याच मार्गावरच्या मनमाडला 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांचे प्रसिद्ध भाषण तिथलेच. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला होता, त्याची आठवण कमी काढली जाते. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमनच राहतो. वर्कशॉपमध्ये त्याला मेकॅनिक होऊ दिले जात नाही, फोरमन तर दूरच. मुंबईच्या गिरण्यांतही तेच होते. विणकाम खात्यात दोरा तोंडाने ओला करावा लागे म्हणून जास्त पगाराच्या त्या खात्याचे दार आपल्यासाठी बंद होते. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला. आणि 1942 साली व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते हाती आल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात परदेशी उच्चशिक्षणाबरोबरच सरकारी छापखाने आणि रेल्वे वर्कशॉप यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे अशी मागणी केली. आज आय.टी.आय.त तेरा टक्के जागा राखीव आहेत आणि 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यांना उमेदवार घ्यावे लागतात, त्याची मुळे अशा मागण्यांत आहेत.

म्हणून मुलाने ‘बोल्ट टाईट करतो’ म्हटले की आई-बाबांनी पुढचा प्रश्न विचारावा: किती न्यूटन मीटरला? कोरडा की तेलाचा? रेंच शेवटचा कधी तपासला? उत्तर देता आले तर तो सेटर, टूल रूम, क्वालिटी या वाटेने वर जाऊ शकतो. उत्तर येत नसेल तर त्याने सुट्टीच्या दिवशी शिकून घ्यावे. लाईनवरच्या सूचना बऱ्याचदा इंग्रजीत असतात. त्यातले पंधरा-वीस शब्द वहीत मराठीत उतरवले की काम भागते. एकक मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. जुन्या कागदांवर किलोग्रॅम मीटर असते. 5 किलोग्रॅम मीटर म्हणजे 49 न्यूटन मीटर. 5 न्यूटन मीटर नव्हे!

घरी बसल्या हाताला सवय लावायची असेल तर महागडा रेंच लागत नाही. गावात कापूस मोजायला वापरतात तसा स्प्रिंगचा वजनकाटा, एक 17 नंबरचा रिंग पाना आणि लोखंडी पाट्यात बसवलेला 8.8 चा 10 मिलिमीटरचा बोल्ट घ्यावा. बोल्टच्या मध्यापासून 25 सेंटिमीटरवर पान्याला काट्याचा आकडा अडकवून, पान्याच्या काटकोनात, काटा 20 किलो दाखवीपर्यंत सावकाश ओढावे. हा झाला 49 न्यूटन मीटर. पाना आखूड असेल तर अंतर मोजून तेवढ्या प्रमाणात किलो वाढवावेत. मग डोळे मिटून तसाच दुसरा बोल्ट फक्त हाताने आवळावा आणि काट्याने तपासावा. पहिल्या दिवशी बहुतेकांचा हात बराच पुढे जातो. 8 मिलिमीटरच्या बोल्टला त्याच अंतरावर 10 किलो पुरे, आणि पाना 13 नंबरचा.